तुला ऐकू येईल असा अ‍ॅम्प्लिफायर

माय, रविवारी लेकीला घेऊन धुळ्याला गेले होते, तिच्या गिटारसाठी जुना अ‍ॅम्प्लिफायर बघायला. तू तिला पाहिलंच नाहीस. ती पोटात असताना तू गेलीस. आता तिचा हात गिटारवर चांगला बसलाय. नवा घेण्यापेक्षा जुनाच नीट पारखून घेऊ, असं मी म्हटलं, आणि जळगावहून निघाल्यापासून मला आपलं दोंडाईचाच आठवत राहिलं.

तू जिनिंगमधून घरी यायचीस तेव्हा तुझ्या केसांत, भुवयांत कापूस असायचा. त्या यंत्रांच्या आवाजाने तुझे कान कधीच गेलेले, मोठ्याने बोललं तरच तुला कळायचं. शिंदखेड्याला लग्नात ऑर्केस्ट्रा वाजवणाऱ्या एका भाऊंनी वाजवणं सोडलं होतं, त्यांच्याकडे आपण दोघी माझ्या गिटारसाठी अ‍ॅम्प्लिफायर बघायला गेलो. त्यांच्या ओसरीवर दोन अ‍ॅम्प्लिफायर होते. गिटार शिकवणाऱ्या सरांनी मला बजावून पाठवलं होतं, नव्या मुलीला लहानच पुरे, घरात हळू आवाजातही तो स्वच्छ वाजतो. शिवाय प्रत्येक बटण फिरवून बघ, खरखरलं तर विचार. वायर हलवून बघ, आवाज तुटता कामा नये. जाळीतून आत बघ, स्पीकरचा कागद फाटलेला नको. मी सगळं केलं. लहान अगदी उत्तम होता. मोठ्याचं एक बटण खरखरत होतं. मी लहानाकडे बोट दाखवलं, तर तू मान हलवलीस. "हाऊ धाकला शे. याना आवाज मले ऐकू येस नही. तो मोठा ले." भाऊ हसले, म्हणाले, "अक्का, वाजवणार पोरगी, अन् पसंती तुमची?" तू ओठांवरून ओळखलंस बहुतेक. म्हणालीस, "ऐकनार मी शे ना!"

मोठाच आला. स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवला. तू भाकरी थापताना म्हणायचीस, "वाजाड व बेटी," आणि मी चुकतमाकत वाजवायची. एकदा शेजारीण दारात येऊन कपाळाला हात लावून गेली, तेव्हा मी लाजून आवाज कमी केला. तू तवा उतरवून माझ्यासमोर उभी राहिलीस. "शेजारनीकरता वाजाडस का मायकरता?" तुझं रागावणं मला फार आठवत नाही, पण हे आठवतं. त्यानंतर मी मोठ्यानेच वाजवत गेले. सर म्हणायचे, हिच्या हातात दम आहे. तो दम कुणासाठी होता, ते त्यांना कुठे माहीत होतं?

धुळ्याला ज्या मुलाकडे गेलो, त्याच्याकडेही दोन होते. नोकरीसाठी बाहेरगावी चाललाय, म्हणून विकत होता. लेकीचा कल लहानाकडे, कारण त्याला हेडफोन लावायची सोय आहे, रोजच्या सरावाला तेवढं बास. मी मात्र पुन्हापुन्हा मोठ्याकडेच वळत होते. "आई, आपल्याला काय मंडपात वाजवायचंय?" ती म्हणाली. मी म्हटलं, लावून तर बघ. तिने गिटार जोडली, पण वाजवली नाही, नुसता आवाज वाढवून कान लावला. माझ्यापेक्षा शहाणी आहे. "घरघर येतेय बघ आतून. ऐक ना." मी वाकले. पंखा बंद होता, तो मुलगाही गप्प होता. लेक माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, "हो गं, येतेय."

लहान घेतला. परतीच्या वाटेत पारोळ्याला चहा प्यायलो, ती मांडीवर तो खोका धरून बसली होती, फार खुशीत होती.

माय, मला काहीच ऐकू आलं नव्हतं. गेलं वर्षभर असंच होतंय. घरात अजून कुणाला बोलले नाही, आधी तुला सांगितलं.