चारशे पाच माना

बिस्मिल्लाह.

मी, मोहिद्दीन इब्राहीम होडेकर, वय वर्षे त्रेपन्न, धंदा दुकानांचे बोर्ड व लॉन्चवरची नावे रंगवणे, मूळ राहणार राजिवडा, जिल्हा रत्नागिरी, गेली एकोणीस वर्षे वस्ती बर दुबई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने मराठीत लिहीत आहे. शुद्ध शाबूत आहे. हात थरथरत नाही, हे अक्षरावरून कोणालाही दिसेल. फुप्फुसं मात्र गेली, असं डॉक्टर म्हणतो. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. राग आहे, पण तो दडपणात धरत नसावेत.

कलम एक. माझं दफन इथेच करावं. मय्यत गावी न्यायचा खटाटोप नको. कबरीवर नावही नको. जन्मभर दुसऱ्यांची नावं रंगवली, आता खलास.

कलम दोन. राजिवड्याचं दोन खोल्यांचं घर व मागची सात माडांची जागा. शरीयतप्रमाणे माणसाला आपल्या मर्जीने फक्त तिसरा हिस्सा देता येतो, बाकीचा वारसांचा. मला मूलबाळ नाही. तेव्हा चौथा हिस्सा माझी बायको हमीदा हिचा, आणि उरलेलं भाईचं. भाई म्हणजे माझा मोठा भाऊ खैरुद्दीन. इथे त्याचं कापडाचं दुकान आहे आणि आम्ही दोघं एकोणीस वर्षं एका खोलीत, एका स्टोव्हवर जेवत आलो. समोर मी त्याला अहो-जाहो करतो. या कागदावर करणार नाही. घर घ्यावं त्याने. छप्पर गळतं, तेही घ्यावं.

कलम तीन. शिडी आणि बोर्डाचे मोठे ब्रश मुश्ताक सुताराला द्यावेत. शिडीची तिसरी पायरी सैल आहे. मुश्ताकला ते माहीत आहे, कारण ‘उद्या ठोकून देतो इन्शाल्ला’ असं तो चार वर्षं म्हणतोय. आता स्वतःसाठी ठोकेल. उरलेला हिरव्या रंगाचा अर्धा डबा चौकातल्या त्या अत्तरवाल्याला पोचवावा. त्याने माझ्याकडून एकच बोर्ड तीनदा रंगवून घेतला, कारण हिरवा त्याला ‘खूश’ वाटत नव्हता. आता त्याने स्वतः ढवळून खूश करावा.

कलम चार. वह्या.

हे मृत्युपत्र मी ह्या कलमासाठीच लिहितोय. घरदार माझ्याशिवायही वाटलं गेलं असतं.

इथली खाडी खोल करायला यंत्रं आली, त्या वर्षी मी पहिली वही घेतली. रोज एक पान. पहाटेची फजरची नमाज झाली की पत्र्याचा डबा आणि पाण्याची बाटली घेऊन खाडीवर जायचं, जे पहिलं नजरेत भरेल ते काढायचं, आणि ऊन पलीकडच्या भिंतीवर उतरलं की उठायचं. मग दिवसभर बोर्ड. ताप असला तरी गेलो. ईदला नमाजेआधी गेलो. हमदुल्ला नाखवा मुंबईहून रंगाच्या वड्या आणून द्यायचा आणि दर खेपेला विचारायचा, “हे विकतोस कुठे?” विकत नाही म्हटलं की माझ्याकडे असा बघायचा, जसा काही मला उन्हाचा झटका आलाय.

काय नव्हतं त्यात? ओहोटीच्या चिखलाचे रंग तर मी दोन वर्षं काढत होतो आणि तरी साधले नाहीत. सकाळी तो करडा म्हणावा तर आत जांभळा असतो, आणि बघता बघता जातो. शिंपले, तिवराची वर आलेली मुळं, वाळूवर वाऱ्याने पाडलेल्या सुरकुत्या. आणि पाखरं. उथळ पाण्यात एका पायावर उभे रोहित, टिटव्या, बगळे, कुरव. अकरा वह्या झाल्या, दोनशे पानी. त्यात पाखरं चारशे सहा. ती वेळ सोडली तर माझ्या दिवसात माझं असं काही नव्हतं. मी त्या वेळेत सुखी होतो, हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो.

बावीस महिन्यांपूर्वी मी फुजैऱ्याला गेलो. तिथे चार होड्यांवर नावं टाकायची होती, तीन आठवडे लागले. त्याच सुमारास गावाहून तार आली की आई गेली. मला ती परतल्यावर कळली. इथे भाई एकटा होता. तो खोलीत बसून आईसाठी कुराण पढत होता, आणि समोर फळीवर माझ्या वह्या होत्या. कोणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं की जिवंताची चित्रं असलेल्या खोलीत फरिश्ते येत नाहीत.

मी आलो. वह्या फळीवर नीट रचलेल्या, धूळसुद्धा पुसलेली. पहिली उघडली. रोहिताच्या मानेवर काळ्या शाईची आडवी रेघ. पुढच्या पानावर टिटवी, रेघ. बगळा, रेघ. फूटपट्टी लावून मारलेल्या. शाई फाकू नये म्हणून वर टिपकागदही दाबला होता! इतक्या काळजीने तर त्याने कधी दुकानाचं बिल लिहिलं नाही.

“भाई, हे काय केलंत?”

“जाळल्या नाहीत ना?” तो म्हणाला. “मला सांगत होते जाळ म्हणून. मीच म्हटलं, नको, त्याचा जीव आहे त्यात. मानेवर रेघ मारली की चित्र निर्जीव धरतात. शिंपल्यांना, झाडांना हात लावला नाही, बघ. मेल्यावर हिशेब द्यावा लागतो, तुझ्या आखिरतसाठी केलं रे.”

“माझी आखिरत मी बघितली असती.”

“आणि आईची?” तो रडत होता. हे मी लपवत नाही.

मी उठलो. स्टोव्ह पेटवला, भात टाकला. त्या दिवसापासून मी पाखरू काढलं नाही. बारावी वही आहे, तिच्यात नुसता पाखरं उडून गेल्यानंतरचा चिखल आहे आणि त्यावर त्यांच्या पायांचे ठसे. ठशाला मान नसते. भाईने ती वही उघडून पाहिली आणि म्हणाला, “हे छान. हे चालतं.” त्या दिवशी मी त्याला काय केलं असतं ते अल्लाला माहीत.

तरीही, तो घाबरला होता, आई गेली होती, म्हणून मी एक दिवस माफ केलं असतं. मनाची तशी तयारी चालू होती. पण सातवी वही पुन्हा चाळताना मधोमध खंड्या सापडला. आधीच्या एका खेपेला फुजैऱ्याच्या खालच्या अंगाला काढलेला, तिवरांत बसलेला, निळा, पुढे झुकलेला. मानेवर रेघ नाही. पानं चिकटली असतील म्हणून नखाने कड तपासली. नव्हती. मागच्या पानावर रेघ, पुढच्या पानावर रेघ. खंड्याच्या मानेपाशी फक्त शाईचा ठिपका, मोहरीएवढा. म्हणजे टाक टेकवला होता, आणि उचलला.

मी पाच वर्षांचा असताना राजिवड्याच्या खाडीवर भाईने मला खांद्यावर घेऊन खंड्या दाखवला होता. “हालू नको. दम पण घेऊ नको,” असं म्हणाला होता. जन्मात पाहिलेलं ते माझं पहिलं पाखरू. बघायला मला त्यानेच शिकवलं.

म्हणजे त्याला दिसत होतं. ज्याला दिसतच नाही त्याला माफ करता येतं. ह्याला दिसलं, हात थांबला, आणि मग त्याने पान उलटून पुढच्याच्या मानेवर रेघ ओढली. चारशे पाच! हे मी माफ करत नाही. मरणाऱ्याने माफ करायचं असतं, हे मला मौलवींनी येऊन सांगू नये.

कलम पाच. बाराही वह्या, रंगाचा डबा आणि खारीच्या केसांचे तीन बारीक ब्रश भाईची मुलगी हाफिजा हिला द्यावेत. काझीच्या कारकुनाने वह्यांची किंमत ‘काही नाही’ अशी लावली आहे, तेव्हा त्या तिसऱ्या हिश्श्यात आरामात बसतात. हाफिजा चौदा वर्षांची आहे, राजिवड्यात असते, आणि बापाला न सांगता मला पत्रं लिहिते. गेल्या पत्रात होतं, “चाचा, खेकड्याला पाय किती काढू? मी मोजेपर्यंत तो पळतो.” तिला कळवावं की मोजू नकोस, पळताना जेवढे दिसतील तेवढेच काढ.

पण ती सज्ञान नाही आणि तिचा पालक भाई. म्हणजे माझ्या वह्या फिरून त्याच हातात, त्याच दौतीजवळ. म्हणून हाफिजा अठरा वर्षांची होईपर्यंत वह्या गावी हमीदाच्या पेटीत कुलपात राहतील, आणि तिच्या चित्रांनाही कोणी हात लावणार नाही. ह्याला भाईची लेखी कबुली पाहिजे. तो सही करेल की नाही, हे लिहिताना मला माहीत नाही. नाही केली, तर बाराही वह्या आज संध्याकाळी मी स्वतः खाडीत सोडेन. पाण्याने जातील, शाईने जाणार नाहीत.

कलम सहा. वारसाला मृत्युपत्राने वेगळं काही देता येत नाही. म्हणून सातव्या वहीतलं खंड्याचं पान मी आज जिवंतपणीच कापून भाईला बक्षीस देतो. सोबत ती काळ्या शाईची दौत आणि फूटपट्टी. राहिलेलं काम पूर्ण करायचं असेल तर करावं.

बर दुबई, शुक्रवार, ता. ९ फेब्रुवारी १९६८.

(सही) मोहिद्दीन इब्राहीम होडेकर

साक्षीदार:
(सही) हमदुल्ला, लॉन्चचा नाखवा
(सही) हारुन, शिंपी, खोलीच्या खालचं दुकान

कबुली: मी, खैरुद्दीन इब्राहीम होडेकर, वरील सर्व वाचलं. वह्या हाफिजाच्या आहेत. मी त्यांना आणि तिच्या चित्रांना हात लावणार नाही.
(सही) खै. इ. होडेकर

साक्षीदार हारुन याची नोंद: खैरुद्दीन यांनी पान आमच्यासमोर घेतलं. दौत आणि फूटपट्टी घेतली नाही. पान खिडकीशी नेऊन त्यांनी बराच वेळ पाहिलं, आणि मानेजवळचा ठिपका निघेल का, असं मोहिद्दीन यांना विचारलं. मोहिद्दीन म्हणाले, “नाही. कागदात उतरलाय.” हे मोहिद्दीन यांच्याच सांगण्यावरून लिहून ठेवलं.