बिनपट्टीचं पदक

स्लायगो, आयर्लंड
रविवार, १८ जुलै २०२१

प्रिय आप्पा,

पाया पडते. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, तरी चष्मा लावूनच वाचा. व्हिडिओ कॉलवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं मोहनदादा मध्येच बोलून घालवतो, म्हणून हे पत्र. पोस्टाचा सध्या भरवसा नाही. माझ्याबरोबर काम करणारी स्मृती या आठवड्यात पुण्याला येतेय, तिच्याजवळ देते. ती तासगावला कुरिअर करेल.

इकडे सगळे बरे आहोत. गिरीशचं ऑफिस अजून आमच्या जेवणाच्या टेबलावरच चालतं. तन्वी माझ्या खांद्याच्या वर गेलीय. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत, तेही इथल्या हेलात. काल विचारलं, आमटी कशी झालीय, तर म्हणाली, "ग्रँड." इथे सगळंच ग्रँड असतं. ताप उतरला तरी ग्रँड, आणि माणूस जेमतेम शुद्धीवर असला तरी ग्रँड. वॉर्डात आता कोविडचे पेशंट थोडेच राहिलेत. तुम्ही दुसरी लस घेतलीत का? दादा हो म्हणतो, पण मला तुमच्या हातचं उत्तर हवंय.

आप्पा, एक अभिमानाची गोष्ट सांगायची आहे. तिच्यामागे आणखी एक गोष्ट आहे, ती शेवटी सांगते.

जानेवारीत, इथे सगळ्यात वाईट दिवस होते तेव्हा, ब्रायडी फीनी नावाच्या बाई माझ्या वॉर्डात आल्या. वय नव्वदीपार. इथे मोठ्या माणसांनाही नावानेच हाक मारतात, म्हणून मीही ब्रायडीच म्हणते. मुलगी बॉस्टनला, मुलगा ऑस्ट्रेलियात, भेटायला येणं कुणालाच शक्य नव्हतं. मी फोन त्यांच्या कानाला धरायची आणि ती दोघं तिकडून बोलायची. ऑक्सिजन लावलेला असताना मला म्हणाल्या, "डॉक्टर, मी आत्ता जाणार नाही. जुलैत मला काम आहे." आणि खरोखर, बाई चालत घरी गेल्या. म्हणजे वॉकर धरून, पण चालत.

त्यांचं घर आमच्या रस्त्यापासून जवळ आहे. वसंतात निर्बंध सैल झाल्यावर मी अधूनमधून जायला लागले, कधी शिरा घेऊन. शिऱ्याला त्या "तुझा गोड पॉरिज" म्हणतात. एकदा मला म्हणाल्या, "त्या प्रेसमधली वरची खोकी काढ." कपाटाला इथे प्रेस म्हणतात. दोन खोकी होती, दोन्हीत काशाची पदकं. रिबन अर्धी काळी, अर्धी तपकिरी.

शंभर वर्षांपूर्वी इथले लोक इंग्रजांविरुद्ध लढले, त्या लढ्याची ती पदकं. ब्रायडीचे आई-वडील दोघंही त्यात होते. लढा संपल्यावर वीसेक वर्षांनी सरकारने पदकं पाठवली, तेव्हा ब्रायडी शाळेत होत्या. वडिलांच्या पदकावर एक छोटी धातूची पट्टी आहे, तिच्यावर आयरिश भाषेत 'लढाई' अशा अर्थाचा शब्द. जे प्रत्यक्ष लढले त्यांना पट्टी. आईचं पदक बिनपट्टीचं.

आई, कॅथलीन, तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांची. अंड्यांच्या टोपलीत तळाशी काडतुसं घालून ती गाढवाच्या गाडीतून डोंगरातल्या पोरांना पोचवायची. एक दिवस इंग्रज शिपाई घरी आले. पोरं कुठे लपलीत विचारलं. ती बोलली नाही. त्यांनी तिला अंगणात उभं करून तिचे केस भादरले, कातड्यापर्यंत. तरी बोलली नाही. पदक आलं तेव्हा ब्रायडीने विचारलं, "आई, तुझ्या पदकावर पट्टी का नाही?" आई म्हणाली, "केस कापले गेले, त्याला लढाई म्हणत नाहीत." आणि खोकं वर ठेवून दिलं. मरेपर्यंत तिने ते छातीला लावलं नाही.

हे ऐकताना मला तुम्ही आठवत होतात, हे सांगायला नको. मी ब्रायडींना गोव्याचं सांगितलं. म्हटलं, माझे वडील एकोणिसाव्या वर्षी हातात फक्त झेंडा घेऊन पोर्तुगिजांच्या हद्दीत शिरले आणि मांडीत गोळी घेऊन परत आले. त्यांनी विचारलं, "सरकारने त्यांना काय दिलं?" सन्मानपत्र दिलं, दर पंधरा ऑगस्टला तहसीलदार शाल देतात, पण ते त्याबद्दल बोलत नाहीत, असं मी म्हटलं. ब्रायडी हसल्या. "नाहीच बोलणार. माझा बापही बोलला नाही. बोलायचे ते, ज्यांनी काही केलं नव्हतं."

गेल्या रविवारी, अकरा जुलैला, त्या लढ्यातल्या युद्धबंदीला शंभर वर्षं झाली. जुलैतलं काम म्हणजे हेच. गावातल्या स्मारकापाशी छोटा कार्यक्रम होता. घरच्यांनी आपल्या माणसाचं पदक उजव्या बाजूला लावायचं, पुढे येऊन त्याचं नाव घ्यायचं. ब्रायडींची मुलं येऊ शकत नव्हती. आदल्या आठवड्यात त्या मला म्हणाल्या, "वडिलांचं मी लावीन. आईचं तू लाव."

मी नाही म्हटलं, आप्पा. म्हटलं, हे घरच्यांचं काम. शिवाय मी आयरिशसुद्धा नाही.

त्या म्हणाल्या, "काडतुसं वाहत होती तेव्हा कागदावर माझी आईही आयरिश नव्हती. सगळे इंग्लंडच्या राजाचे प्रजाजन."

मग मी हो म्हटलं.

कार्यक्रमाच्या दिवशी मी आपल्या आईची निळी इरकल नेसले, वर कोट. गिरीश आणि तन्वी मागे उभे होते. डेक्लन नावाचे निवृत्त शिक्षक व्यवस्था बघत होते. माझ्या कोटावर पदक पाहून ते जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "डॉक्टर, राग मानू नका, पण पदकं फक्त कुटुंबीयांनी लावायची असं ठरलंय." माणूस वाईट नव्हता. कानापर्यंत लाल झाला होता. मी पिन काढायला हात वर नेला, तर ब्रायडींनी व्हीलचेअरमधून माझं मनगट धरलं.

"डेक्लन," त्या म्हणाल्या, "मी जानेवारीत गेले असते तर आज ही दोन्ही पदकं खोक्यात असती. मला इथवर हिने आणलंय. माझ्या आईच्या पदकाचं काय करायचं ते मी ठरवेन."

डेक्लननी टोपी काढली. मग म्हणाले, "बरोबर आहे, ब्रायडी." आणि मला त्यांनी स्वतः पुढच्या रांगेत नेऊन उभं केलं.

आमची पाळी आली. ब्रायडींनी वडिलांचं नाव घेतलं. मी कॅथलीनचं नाव घेतलं. टोपलीचं आणि केसांचं दोन वाक्यांत सांगितलं, कारण ब्रायडींची तशी इच्छा होती. मी मागे वळणार तोच ब्रायडी म्हणाल्या, "आणि तुझ्या वडिलांचं नाव."

हे आमचं ठरलेलं नव्हतं. पण मी म्हटलं. "दिनकर गणपती माळी, तासगाव. गोवा, एकोणीसशे पंचावन्न." आणि कशासाठी गेले होते, काय झालं, ते सांगितलं. मग मागून एक म्हातारा शेतकरी खणखणीत आवाजात म्हणाला, "फेअर प्ले टू हिम." म्हणजे, शाबास त्याची. मग टाळ्या वाजल्या. कितीतरी वेळ वाजत होत्या. आप्पा, तुमचं नाव मी आजवर शाळेच्या दाखल्यापासून कितीतरी ठिकाणी लिहिलं असेल, पण असं मोठ्याने कधी घेतलं नव्हतं. घरी येताना गाडीत तन्वी म्हणाली, "माझे आजोबा तिथे गेले होते, हे मला कुणी सांगितलंच नाही." हे मात्र ती मराठीत म्हणाली.

आता दुसरी गोष्ट.

माझं इथलं नागरिकत्व वसंतात मंजूर झालं. एरवी मोठा समारंभ असतो, यंदा तो बंद, म्हणून घरीच कागद आला. या राष्ट्राशी एकनिष्ठ राहीन, असं वकिलासमोर सही करून पाठवायचं. गिरीशने लगेच केली. माझा कागद मायक्रोवेव्हवर पडून राहिला. गिरीश विचारायचा, मी म्हणायची, वेळ नाही. वेळ होता. ज्या झेंड्यासाठी तुम्ही गोळी खाल्लीत, त्याचा पासपोर्ट परत करायचा, हे तुम्हाला कोणत्या तोंडाने सांगू, एवढंच कारण होतं.

सोमवारी मी सही केली.

तन्वीसाठी केलं, व्हिसाच्या कटकटीसाठी केलं, असं लिहिलं असतं तर तुम्हालाही सोपं गेलं असतं. ती कारणं आहेत. पण गेल्या दीड वर्षात मी इथल्या माणसांना धरून बसले, त्यातली काही माझ्या हातावर गेली, आणि त्या रविवारी त्यांनी मला रांगेत घेतलं. तिथे उभी असताना मला वाटलं, मी इथलीही आहे. हे खरं कारण आहे. तुमच्याशी दुसरं बोलायची मला सवय नाही.

तुम्ही रागावलात तरी लिहा. फक्त दादाकडून निरोप पाठवू नका.

तुमच्याच नावाने तिथे उभी राहिलेली,
नीलिमा

~

तासगाव
१६ ऑगस्ट २०२१

चि. नीलिमास,

आप्पाचा आशीर्वाद. लस दोन्ही घेतल्या. हात दुखला, बाकी काही नाही.

पत्र मीच वाचलं, मोहनला दिलं नाही. वाचून झाल्यावर बरेच दिवस मी कुणाशी नीट बोललो नाही. तुझी वहिनी समजली, तब्येत बिघडली. तब्येत ठीक होती. वाईट वाटलं होतं. ते तुझ्यापासून लपवत नाही. माझी लेक पासपोर्ट परत करणार हे वाचल्यावर दोन वेळा ताट सारून उठलो. तुझी आई असती तर तिने मला दोन शब्द सुनावले असते. ते काम मलाच करावं लागलं.

मग त्या कॅथलीनबाईंचे केस डोळ्यांपुढून जाईनात. त्यामुळे जे मी तुला किंवा मोहनला कधी सांगितलं नाही, ते लिहितो.

गोळी लागल्यावर मी स्वतः चालत परत आलो, असं घरात सगळे समजतात. मीही ते तसंच राहू दिलं. मी चाललो नाही. मी झाडीत पडलो होतो. बरोबरचे पांगले होते. लाकडं आणायला आलेल्या एका बाईने मला पाहिलं. तिचं नाव शेवंती गावकर. पलीकडच्याच गावची, पोर्तुगिजांच्या राज्यातली. आपलं लुगडं फाडून तिने मांडी आवळली. भावाला बोलावून आणलं आणि दोघांनी मला शिडीवर घालून ओढा ओलांडून आपल्या हद्दीत ठेवलं. मी तिला म्हणालो, ताई, तुम्हीही इकडंच थांबा. ती म्हणाली, "माझी पोरं तिकडं आहेत." आणि परत गेली. गोवा सुटल्यावर मी शोधायला गेलो होतो. शिडी नेल्याचं पोलिसांना कळलं, तिला धरून नेलं, ती आजारी होऊन गेली, एवढंच गावात समजलं. तिला ना पत्र, ना शाल. मला दर वर्षी शाल मिळते. म्हणून बोलत नव्हतो.

काल तहसील कचेरीत झेंडावंदन झालं. मोहनने नेऊन बसवलं. शाल-नारळ झाल्यावर तहसीलदार नेहमीप्रमाणे म्हणाले, "आप्पा, दोन शब्द?" दर वर्षी मी हात जोडतो. काल उठलो. माईक धरून शेवंतीबाईंचं सगळं सांगितलं. तिकडं तू माझं नाव घेतलंस, मग इकडं मला तिचं घेता येत नाही म्हणजे काय? बोलून झाल्यावर तहसीलदारांनी पुन्हा एकदा विचारलं, "नाव काय म्हणालात?" आणि त्यांनी ते माईकवरून सगळ्यांना परत सांगितलं. लोक उभे राहिले. मोहन रडत होता. त्याने माझ्यासाठी असं रडावं असं मी कधी काही केलं नव्हतं.

मी गेलो तो गोवाही माझं गाव नव्हतं, पोरी. तिथे माझं कोणी नव्हतं. तरी तिथल्या माणसांचं दुखणं माझं वाटलं, म्हणून गेलो. तू तेच केलंस, आणि तुझ्याकडे तर औषधंही होती. सही केलीस ती बरी केलीस. चोरून केली नाहीस, हे त्याहून बरं. पासपोर्ट देताना मान खाली घालू नकोस.

ब्रायडीबाईंना माझा नमस्कार सांग. त्या शेतकऱ्यालाही, भेटला तर. तन्वीला म्हणावं, मराठीत विचार, मी सगळं सांगेन. ती आली की तिला त्या ओढ्यापर्यंत घेऊन जायचं आहे. माझा पाय चालतोय तोवर यावं.

नावापुढे मी हे आजवर कधी लावलं नाही. लाज वाटायची. आज लावतो.

तुझा,
दिनकर गणपती माळी
सत्याग्रही, गोवा