दोन होकार आणि एकही मीटर नाही

प्रति,
मा. निवाडा अधिकारी,
समांतर वीजपुरवठा तक्रार कक्ष,
कॅम्प २, उल्हासनगर.

अर्जदार : अनंत बारकू कराळे ऊर्फ आण्णा, सेवानिवृत्त भांडारपाल, मु. चामटोली, बदलापूर.

विषय : बंद केलेले प्रकरण पुन्हा उघडून, दोनपैकी कोणत्याही एका कंपनीची वीज अर्जदाराच्या घरी जोडून मिळणेबाबत.

संदर्भ : 'ग्राहक निवड करण्यास अनुत्सुक' असा शेरा मारून आपल्या कक्षाने दिलेला आदेश.

महोदय,

१. अर्जदार हा जन्मभर अर्ज घेणाऱ्या बाजूला बसलेला मनुष्य आहे. अंबरनाथच्या कारखान्याच्या भांडारातून त्याने मागणीपत्राशिवाय कधी खिळासुद्धा हलू दिला नाही आणि त्यापायी शिव्याही भरपूर खाल्ल्या. तेव्हा नियम कशाशी खातात हे त्याला नव्याने समजावण्याची तसदी आपण घेऊ नये. त्याची पत्नी कौसाबाई हिच्या फुफ्फुसांनी गेल्या वर्षी हात टेकले. तेव्हापासून ती ऑक्सिजनच्या मशीनवर आहे. मशीन विजेवर चालते आणि घरात वीज नाही. प्रकरण एवढेच आहे. बाकीचे सगळे ते लांबवण्यासाठी जमा झालेले आहे.

२. चामटोलीत पूर्वी 'उदयशक्ती' या एकाच कंपनीची वीज होती. जायची तेव्हा सगळ्यांची जायची, आणि शिव्या कोणाला घालायच्या याबद्दल गावात एकमत होते. यंदा 'सह्यदीप' या दुसऱ्या कंपनीला परवाना मिळाला. खांब तेच, तारा त्याच, फक्त वीज कोणाकडून घ्यायची ते ज्याने त्याने ठरवायचे. देवळापुढे मांडव घालून आपल्याच कक्षातील साहेबांनी भाषण केले, की आता ग्राहक राजा झाला, दोन्ही कंपन्या त्याच्या दारात हात जोडून उभ्या राहतील. साहेबांचा शब्द खोटा ठरला नाही. दोन्ही कंपन्या अर्जदाराच्या दारात आल्या, पण नेमक्या गणपतीत आल्या.

३. येथे घरची एक रीत नमूद करणे भाग आहे. कराळ्यांच्या घरी गणपती बसला, की विसर्जनापर्यंत दारी आलेल्या माणसाला कशालाही 'नाही' म्हणायचे नाही. मागणारेही हे ओळखून असतात. शेजारच्या विनीतने एका गणपतीत नवी कोरी शिडी मागून नेली, ती अद्याप त्याच्याच पडवीत आहे. तर गौरी जेवल्या त्या दिवशी सह्यदीपची चैत्राली नावाची मुलगी आली. पाया पडली, मोदक खाल्ला, कौसाबाईजवळ बसून मशीनची चौकशी केली आणि फोन पुढे करून म्हणाली, "आण्णा, आमच्याकडे या ना. इथे बोटाने सही करा, बस." देव समोर बसलेला. अर्जदाराने बोट फिरवले. दुसऱ्या दिवशी उदयशक्तीचा समीर आला. तोही पाया पडला, त्यानेही मोदक खाल्ले आणि म्हणाला, "काका, इतक्या वर्षांचं आपलं रिलेशन आहे. आमच्याकडेच राहतो म्हणून एक सही देऊन टाका." त्याच देवासमोर त्यालाही सही मिळाली. अर्जदाराचा विचार असा होता, की विसर्जन झाले की एकाला फोन करून गोडीत नकार कळवू. अर्ध्या गावाने असेच केले. त्यांना फोन करायला अर्जदारापेक्षा थोडा अधिक अवधी मिळाला, इतकाच फरक.

४. विसर्जनाच्या दुसऱ्या सकाळी अर्जदार ओले धोतर वाळत घालत असताना उदयशक्तीची माणसे आली आणि आपला मीटर काढून घेऊन गेली, कारण ग्राहक सह्यदीपकडे गेला होता. पाठोपाठ सह्यदीपची माणसे नवा मीटर घेऊन आली. त्यांच्या संगणकाने सांगितले, की ग्राहक उदयशक्तीकडेच राहिला आहे. त्यांनी मीटर पुन्हा गाडीत ठेवला. आपल्या निकोप स्पर्धा संहितेप्रमाणे, ग्राहक कोणाचा हा वाद मिटेपर्यंत जी कंपनी वीज देईल तिने अनुचित लाभ घेतला असे ठरते म्हणे. ज्या घरात अंधार करून ठेवला त्या घरातून कोणता लाभ घेतला जाणार होता, हे अर्जदाराने पुष्कळ डोके खाजवूनही त्याला उमगलेले नाही.

खांबावर तारा जोडणारा कैलास हा अर्जदाराच्या चुलत बहिणीचा मुलगा. तोही त्या दिवशी आला आणि खांबाखाली उभा राहून मान खाली घालून म्हणाला, "मामा, वर चढाया किती येल लागतोय? पन जोडली तर दुसरी कंपनी माज्यावर केस टाकील. लाइट सोडून काय बी सांगा." त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. त्याला पोरेबाळे आहेत.

५. मशीन बंद पडले तेव्हा विनीत आणि त्याची बायको किर्ती यांनी काही न विचारता आपल्या खिडकीतून वायर टाकली. प्लग कमी पडला म्हणून किर्तीने स्वतःचा फ्रिज बंद केला. शिडीचा विषय अर्जदाराने त्या क्षणी मनातून काढून टाकला.

६. त्यानंतर अर्जदाराने कॅम्प दोनच्या आपल्या कार्यालयाचे जिने झिजवले. दोन होकारांपैकी एक मागे घ्या, असे खिडकीवर सांगण्यात आले. अर्जदाराने लिहून दिले, 'कोणताही एक रद्द करावा.' दोन्ही पोरांनी घरचा मोदक खाल्लेला, एकाचे मन कशाला मोडा, ही त्यामागची भावना. त्यावर आपले उत्तर आले, की कक्षाने स्वतः कंपनी निवडली तर तो बाजारात हस्तक्षेप होईल. खाली झेरॉक्स काढताना दुकानदार लछमनशेठनी ते उत्तर वाचले आणि चष्मा कपाळावर सरकवून विचारले, "काका, हमारे यहाँ दो दुकान आमने-सामने हो तो ग्राहक को चाय मिलती है. तुमको अंधेरा कैसे मिला?" उत्तर आपल्याला सुचल्यास शेठना कळवावे, ते अजून विचारतात.

मग अर्जदाराने भीड सोडून स्पष्ट लिहिले, की सह्यदीप हवी, कारण त्या मुलीने मशीनची चौकशी तरी केली होती. आता तरी काम होईल असे कोणालाही वाटले असते. परंतु आपल्या कक्षाने अशी शंका काढली, की घरात वीज नसलेला ग्राहक दबावाखाली निवड करत असू शकतो, सबब निवड मोकळ्या मनाने केली आहे काय याची घरी येऊन पडताळणी व्हावी. महोदय, दबाव होताच. कौसाबाईच्या श्वासाचा होता. तो दूर करण्याचा उपाय आपल्याच हातात होता आणि दबाव आहे म्हणूनच आपण तो करत नव्हता.

७. याच सुमारास आपली छापील सूचना घरी आली, की वाद सुरू असताना कोणत्याही कंपनीच्या माणसाला घरात घेऊ नये, त्याचे आदरातिथ्य करू नये, अन्यथा प्रकरण दूषित होईल. एकदा तोंड पोळलेला अर्जदार ही सूचना अक्षरशः पाळू लागला. नंतर एका दुपारी मोटारसायकलवरून एक गृहस्थ आले. खांद्याला बॅग, गळ्यात ओळखपत्र नाही. "कराळे इथेच राहतात का? विजेचं काम होतं," इतकेच बोलले. अर्जदाराने दार लावून घेतले आणि आतून सांगितले, की आपण कोणीही असा, आत घेता येणार नाही. कौसाबाई खाटेवरून म्हणत होती, "कोन हाय? उन्हातून आलाय, पानी तरी द्या." अर्जदाराने तिला हाताने गप्प केले. गृहस्थ थोडा वेळ थांबले, कपाळ पुसले आणि निघून गेले.

ते आपले पडताळणी अधिकारी होते. 'ग्राहकाने भेट नाकारली, निवड करण्याची इच्छा दिसून येत नाही,' असा अहवाल त्यांनी दिला आणि प्रकरण बंद झाले. अधिकाऱ्यांबद्दल अर्जदाराची तक्रार नाही, त्यांनी पाहिले तेच लिहिले. सगळ्यांना हो म्हटले तेव्हा मीटर गेला आणि एकाला नाही म्हटले तेव्हा प्रकरण गेले. राजाने वागायचे तरी कसे, याबद्दल मांडवातल्या भाषणात काही सांगितले नव्हते.

८. पुढे विनीतला नोटीस आली, की त्याच्या जोडणीवरून दुसऱ्या घराला वीज देणे ही अनधिकृत विक्री असून वायर न काढल्यास त्याचीही वीज तोडण्यात येईल. विनीत म्हणाला, "आण्णा, वायर राहूदे. बघू काय करतात ते." पण कौसाबाईने किर्तीला जवळ बोलावले आणि स्वतःच वायर काढायला लावली. तान्हे मूल आहे त्यांच्या घरात. त्याच दिवशी तिला मशीनसकट अंबरनाथला, शिवमंदिराजवळ तिच्या भावाच्या, बाळारामच्या घरी पोहोचवले. भाऊ मनाने मोठा आहे, घर लहान आहे. मशीन रात्रंदिवस घरघरते, त्याच खोलीत त्याची मुलगी अभ्यासाला बसते. कौसाबाई दिवसभर अंग चोरून पडून असते. ज्या बाईने गावभर मोकळेपणाने पान वाढले, तिला माहेरी पाणी मागायची चोरी झाली आहे. हे अर्जदाराला पाहवत नाही.

अर्जदार मात्र चामटोलीतच अडकला, कारण प्रकरण बंद झाले तरी तपासणी कधीही होऊ शकते आणि त्या वेळी घर बंद आढळल्यास जोडणी कायमची रद्द होते असा आपला नियम आहे. बायको जिथे वीज आहे तिथे आणि नवरा जिथे वीज यायची आहे तिथे, असा हा संसार चालू आहे. सकाळी जायचे, डबा द्यायचा, तिला पुरते बघूनही होत नाही तोच परतायचे, आणि घरी आल्यावर पुन्हा दारात उभे राहायचे. मोटारसायकलचा आवाज आला की अर्जदार रस्त्यापर्यंत धावतो. आजवर दूधवाला, कुरिअरवाला आणि एक विमा एजंट यांना त्याने हाताला धरून घरात आणून पाणी पाजले आहे. विमा एजंटाला तर निघताच येईना.

९. गेल्या आठवड्यात अर्जदार इकडे दाराची राखण करत असताना तिकडे कौसाबाईचा श्वास अडकला. बाळारामने रिक्षा करून दवाखान्यात नेले, थोडक्यात निभावले. अर्जदार पोहोचला तेव्हा ती शुद्धीवर होती. म्हणाली, "माज्यासाटी पळत नका येऊ. तुमी घर सांबाळा, नायतर लाइट कदीच यायची नाय." अर्जदार घाबरला, महोदय. नोकरीत असताना भांडाराला आग लागली होती तेव्हाही तो इतका घाबरला नव्हता.

१०. सबब आपल्या शेऱ्यास नम्रपणे हरकत घेऊन कळविण्यात येते, की अर्जदाराने निवड केलेली आहे. आजपासून तो बाळारामच्या घरी, कौसाबाईच्या खाटेशेजारी राहील. चामटोलीचे घर बंद दिसले तरी ते सोडून दिले असे समजू नये आणि जोडणी रद्द करू नये. कंपनी कोणतीही चालेल, दर जो असेल तो चालेल, आणि निवडीचा हक्क आपण परत घेतलात तरी अर्जदार कोठेही दाद मागणार नाही. कौसाबाईला घरी आणता यावे, याहून अधिक त्याचे मागणे नाही.

पडताळणीसाठी आपला माणूस पुन्हा पाठवावा. या वेळी त्याला दार बंद मिळू नये अशी तजवीज सोबत केली आहे.

आपल्या होकाराची वाट पाहणारा,

अनंत बारकू कराळे
मुक्काम सध्या : अंबरनाथ, शिवमंदिराजवळ
दिनांक : वसुबारस

सोबत :
१) दोन्ही होकारांच्या प्रती.
२) डॉक्टरांचा दाखला.
३) विनीतला आलेली नोटीस. ती मागे घ्यावी, वायर काढली आहे.
४) चामटोलीच्या घराची किल्ली. पडताळणीस येणाऱ्या साहेबांनी कुलूप उघडून खुशाल आत बसावे. किर्ती रोज माठ भरून ठेवते. मागच्या खेपेला पाणी न देता पाठवले त्याबद्दल कौसाबाईने त्यांची माफी मागितली आहे.