गाडीतलं वजन

फरीदाबाद,
रविवार सकाळ

प्रिय मयू,

ओळी तिरक्या चालल्यात, हसू नकोस. कारण पुढे सांगतो. कालच फोनवर बोललो आणि आज पत्र कसलं, असं म्हणशील. पण फोनवर मला धड बोलता येत नाही, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. कागदाचा फोटो काढून पाठवीन, नाहीतर पोस्टाने नॉर्वेला पोचेपर्यंत तुझी शर्यत होऊन जायची. आईला यातलं काही सांगितलेलं नाही. ती बाल्कनीत चकलीची शेपटी विंचरत बसली आहे आणि नेहमीची तक्रार चालू आहे: पोळीत केस, डाळीत केस, उद्या नैवेद्यातही निघतील. हात मात्र थांबत नाही हं तिचा.

इथे थंडी पडली एकदाची. धुक्यात समोरची बिल्डिंग दिसत नाही आणि तुझी तिन्ही लाडकी कुत्री खुशीत आहेत. जाडूने परवा सोसायटीच्या सेक्रेटरींचा मफलर पळवला. मुन्नी फरशीवर उताणी पडून घोरते. गुडगावच्या कुणाकुणाच्या फ्लॅटमधून उन्हाळा लागताच हाकललेली ही बर्फातली जनावरं तू एकेक करून घरात आणलीस, तेव्हा मी काय तमाशा केला होता! माणसांनी कूलरवर दिवस काढायचे आणि कुत्र्यांना एसी. पुढे मानेसरची चांगली नोकरी सोडून त्यांना गाडीला जुंपणार म्हणालीस, तेव्हा तर माझं डोकंच फिरलं. बर्फावरच्या शर्यती म्हणे, आणि या फरीदाबादेत बर्फ कुठून आणणार, असं मी ओरडलो. तू चहात बिस्किट बुडवत म्हणालीस, "चाकं लावू."

आणि लावलीस की. मोडक्या सायकलरिक्षाचा सांगाडा, तळाला लोखंडी पट्ट्या, पुढे दोरखंड. नहराकाठच्या कच्च्या रस्त्यावर पहिल्याच वळणाला गाडी उलटली आणि तू चिखलात. पुढच्या बाजूला वजन नसलं की रिकामी गाडी वळणावर उलटणारच, हे तू मला तोंड पुसत समजावलंस. वाळूचं पोतं ठेवलं, तर ते फाटलं. मग तू माझ्याकडे अशी काही बघायला लागलीस की मी समजलो. केंद्र सरकारात आयुष्यभर खुर्चीवर बसलो, पण माझ्या नुसत्या बसण्याचं असं कौतुक कधी कुणी केलं नव्हतं. माकडटोपी घालून मी पुढे, तू मागे उभी, आणि ती तिघं जीव तोडून ओढतायत. वळण आलं की तू ओरडायचीस, "बाबा, आत झुक!" मी झुकायचो. मोटरसायकलवरचे दूधवाले आम्हाला बघून हसत जायचे. तुला कधी बोललो नाही, पण त्या दोन हिवाळ्यांइतका आनंद मला दुसऱ्या कशात मिळाला नाही. रविवारी कुत्र्यांना घरी सोडून आपण तिघं दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावर सदनाच्या कँटीनमध्ये साबुदाणा वडा खायला जायचो, तेव्हाही माझ्या कमरेत कळा यायच्या आणि मी दुसरा वडा मागवायचो.

तू पाठवलेला व्हिडिओ मी रोज बघतो. सगळीकडे पांढरंशुभ्र, समोर कुत्र्यांची लांबलचक रांग, आणि तुझ्या अंगावरच्या नंबराखाली भारत लिहिलेलं. तिथली कुत्रीसुद्धा तुझ्या "चलो"वर निघतात, हे तुझी आई चारही मजल्यांवर सांगून आली. मी मात्र तुझ्याकडे कमी आणि स्लेजगाडीच्या पुढच्या भागाकडे जास्त बघतो. तिथे तू सामानाची पिशवी बांधली आहेस. बरोबरच आहे, तिथे तीच असायला हवी. पण ती माझी जागा होती गं.

आता तिरक्या ओळींचं. गेल्या आठवड्यात मला लहर आली आणि मी तिघांना घेऊन एकटाच नहराकडे गेलो. तुझ्यासारखा मागे उभा राहिलो, तुझ्यासारखं ओरडलोही. पुढची जागा रिकामी. व्हायचं तेच झालं, त्याच वळणावर. चकली परत फिरून माझं तोंड चाटत बसली. डाव्या मनगटाला प्लास्टर आहे, म्हणून कागद धरता येत नाही आणि तो सारखा सरकतो. तुला कळवायचं नाही असं आईने बजावलं होतं. मनगट जुळेल, डॉक्टर म्हणालेत, त्यापायी तिकिटं बघत बसू नकोस.

मी लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणाने. काल तू म्हणालीस की तिथल्या कुत्र्यांचे मालक तुला कायमची ठेवून घ्यायला तयार आहेत, शर्यतीआधी करारावर सही हवी आहे. "बाबा, तू काय म्हणतोस?" असं विचारलंस. मी लगेच म्हणालो, बिल्कुल, सही कर, विचार कसला करतेस! तू नुसतं "अच्छा" म्हणालीस आणि फोन ठेवलास. मला वाटलं होतं, बापाने अशा वेळी हलकं व्हावं, पोरीवर भार टाकू नये. म्हणून मी गाडीतून उतरलो. पण मयू, मी खोटं बोललो. मला तू इथे हवी आहेस. शर्यतीपुरती ये-जा नव्हे, रोज, या केसाळ घरात, माझ्याशी भांडायला. हे ऐकूनही सही करावीशी वाटली तर जरूर कर, मी सोसायटीभर पेढे वाटीन आणि ते मनापासून वाटीन. फक्त बाबाला काही फरक पडत नाही असं समजून करू नकोस. मोठं वळण आहे, आणि रिकाम्या गाडीचं काय होतं ते मला आता चांगलं कळलंय. म्हणून माझं वजन पुन्हा पुढे आणून ठेवतोय. तू हवं तिकडे वळव, मी झुकतो.

तुझाच,
बाबा