स्प्लाइनचा सेट घेऊन ठेवावा का

बाबा, गेल्या सोमवारी एका बाईने मला एक प्रश्न विचारला आणि मी तिला चुकीचं उत्तर दिलं. कामाच्या बाजूने उत्तर बरोबरच होतं, तुम्हीसुद्धा त्यात खोट काढली नसतीत. तरी आठवडाभर ते माझ्या डोक्यातून जात नाही. सांगायला दुसरं कोणी नाही, म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही जाऊन अठरा वर्षं झाली, त्यामुळे मध्येच तोडून "ता ऱ्हवांदे, आधी चाय सांग" म्हणायची सोय आता तुम्हाला नाही. तेव्हा ऐका मुकाट्याने.

बाई आपल्याच मजल्यावरची. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला आपल्या ओळीतला शेवटचा गाळा तिने दिवाळीनंतर भाड्याने घेतलाय. जिममधल्या धावायच्या मशीन दुरुस्त करते. चाळिशीची असेल. रोज घाटकोपरहून येते, म्हणजे बघा किती हौस. नखांत काळं तेल आणि तोंडाने फटकळ, मला बघताक्षणीच आवडली होती, पण आवडली म्हणून काय, कोणाच्या गाळ्यात उगाच जाऊन बसता येतं का? सोमवारी पॅसेजमधल्या नळावर दोघी पाणी भरत होतो, तेव्हा ती म्हणाली, "ताई, तुम्ही इथल्या जुन्या म्हणून विचारते. ते स्प्लाइनचे पाने आणि गोट्या येतात ना, तो सेट घेऊन ठेवण्यासारखा आहे का हो? की नुसतीच फॅशन?" बाबा, मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! कितीतरी दिवसांत मला कोणी काही विचारलंच नव्हतं. माझी बाटली भरून वाहायला लागली तरी मी आपली बोलतेय. नटावर टोपीसारखी बसते त्या साध्या गोटीत आतून सहा कोपरे असतात, नाहीतर बारा. स्प्लाइनच्या गोटीत आत सगळीकडे दात असतात आणि ते नटाच्या कोपऱ्यावर जोर न देता कोपऱ्याच्या बाजूला सपाट अंगावर देतात. म्हणून ती सहाकोनी नटाला चालते, बाराकोनीला चालते, कडा झिजून अर्धवट गोल झालेला नटही पुष्कळदा सोडवते. इंची आणि मिलिमीटर यांच्यातली भांडणंही थोडीफार मिटतात. पण नट पार गोल झाला असेल तर तीही हात टेकते, आणि धडधाकट सहाकोनी नटावर खरा जोर काढायचा तर सहाकोनी गोटीच भली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते झालं. पण घेऊ की नको?" मी म्हटलं, "घे गं, घेऊन टाक. वर्षातून चारदा लागेल, पण लागेल तेव्हा दुसऱ्याच्या दारात जायला नको." हे तोंडातून गेलं आणि मला एकदम विमानवाले काका आठवले.

तुम्ही तर त्यांना विसरला नसालच. समोरच्या गाळ्यात पंप दुरुस्त करायचे. त्याआधी सांताक्रूझला विमानतळावर हँगरमध्ये त्यांची सगळी नोकरी झालेली, म्हणून अख्खी इस्टेट त्यांना विमानवालेच म्हणायची. मूळचे अकोल्याकडचे. बायको गेलेली, मुलगा नागपूरला, आणि इथे गावाकडचं असं कोणी नाही. विमानाच्या कामात तसले दातेरी नट रोजचेच, त्यामुळे स्प्लाइनचा सेट अख्ख्या ओळीत त्यांच्या एकट्याकडे होता, आणि आपल्याकडे दुरुस्तीला येणारी मसाल्याची नि बिस्किटांची पॅकिंग मशीन म्हणजे दहा जणांनी वाटेल त्या पान्याने पिळून ठेवलेली. नट अडला की तुम्ही मला म्हणायचात, "विमानवाल्यांक हाक मार गो." तेव्हा आपल्या ओळीत एक रीत होती. पाना मागितला तर पाना एकटा यायचा नाही, मालक बरोबर यायचा. आपली वस्तू दुसऱ्याच्या हाती कोणी सोडत नसे. काका दारात उभे राहतात, काखेत कापडी गुंडाळी, आणि विचारतात, "काय म्हणते नट? ऐकून नाही राहिला का?" मग नटावर तेल सोडायचं आणि ते मुरेपर्यंत बसायचं. तेल मुरायला तुम्हा दोघांना तास लागायचा. कशावरून वाद घालायचात देवाला ठाऊक. आईने दिलेलं बांगड्याचं तिखलं तुम्ही डब्याच्या झाकणात काढून त्यांच्यापुढे सरकवायचात आणि ते बिचारे घाबरत घाबरत काटे काढत बसायचे. मी तेव्हा डिप्लोमा करत होते, सुट्टीत गाळ्यात यायचे आणि मनातल्या मनात चरफडायचे की एका नटापायी ह्यांची अर्धी दुपार जाते. एकदा तर मी डोळ्यांनी पाहिलं, नट आपल्या साध्या रिंग पान्याने सहज सुटला असता. तुम्ही लावूनही बघितला नाहीत, थेट हाक मारायला सांगितलीत. मला वाटलं, आळस. एवढी शिकलेली मुलगी, पण तेवढं काही डोक्यात शिरलं नाही.

मुलुंडच्या कंपनीत लागले त्या वर्षी दिवाळीला मी तुमच्यासाठी स्प्लाइनचा पूर्ण सेट आणला. कुर्ल्याच्या एका दुकानातून, निवडून, प्रत्येक गोटी हातात फिरवून बघून. बोरिवलीच्या घरी स्वयंपाकघरात आई करंज्या तळतेय, तुम्ही पाटावर बसून सारण भरताय, आणि मी पेटी तुमच्यापुढे उघडते. तुम्ही हात पुसलेत, एक गोटी उचललीत, उजेडात धरून दात बघितलेत आणि परत जागेवर ठेवलीत. "ह्यां कित्याक हाडलंस?" मी म्हटलं, तुम्हाला लागतं म्हणून. तुम्ही म्हणालात, "माका लागता ता विमानवाल्यांकडे आसा. परत दी." झालं! माझं डोकंच फिरलं. पहिल्या बोनसचं आणलेलं, आणि "परत दी"? मी म्हटलं, "सारखं लोकांपुढे हात पसरायला लाज कशी नाही वाटत तुम्हाला?" आईचा झारा तेलातच थांबला. तुम्ही परत सारण भरायला लागलात. बापाशी असं बोलून मी वर तोंड फुगवून दोन दिवस बसले, आणि सेट परत केला नाही तो नाहीच, उलट गाळ्यात नेऊन ठेवला.

नंतरचा तो शनिवार मला आजही पुसून टाकता येत नाही. मशीनच्या गिअरबॉक्सचा नट अडलाय, तुम्ही म्हणता, "हाक मार गो," आणि मी म्हणते, "कशाला? आहे की आपला." पेटी काढली, गोटी बसवली, दोन मिनिटांत नट मोकळा. वर मी तुमच्याकडे अशी बघतेय की जणू किल्ला जिंकला. मागे वळले तर काका दारात. त्यांना हाक मारली नव्हती, पेपर मागायला आले होते. त्यांनी पेटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हसले. "अरे वा, झकास! बरं झालं आता," म्हणाले आणि पेपर न घेताच गेले. त्यानंतर ते आले नाहीत असं नाही, दोनचारदा आले असतील, पण दारातूनच. तुम्ही मला चहाला बोलवायला पाठवायचात, तर म्हणायचे, "कामात आहे पोरी, येतो मागून." त्यांना कामाशिवाय दुसऱ्याकडे येता येत नसे. आणि काम मी काढून घेतलं होतं.

वर्षभरात ते गाळा बंद करून मुलाकडे गेले. आपल्याला वॉचमनकडून कळलं. समोरासमोर गाळे, आणि जाताना सांगून गेले नाहीत. त्या दिवशी शटर ओढताना तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "पानो हाडलंस गो, पण माणूस गेलो." मी काय म्हटलं आठवतंय? "मी काय त्यांना जा म्हणून सांगितलं होतं?" माझी जीभ तेव्हा अशीच होती, अजूनही आहे म्हणा. पुढे लग्न झालं, तर नवऱ्याच्या बाबतीतही मी तेच केलं. तो माणूस वाईट नव्हता, पण त्याच्याकडून काही मागायची वेळच मी येऊ दिली नाही, आणि शेवटी तो म्हणाला, तुला माझी गरज काय आहे ते तरी सांग. मी परत बोरिवलीला आले, गाळ्यात बसायला लागले आणि तीन वर्षांत तुम्ही गेलात. काकांना कळवायला हवं होतं. माझ्याकडे त्यांचा नंबर नव्हता, तुमच्या डायरीतही नव्हता. तुम्हाला त्यांचा नंबर कधी लागलाच नसेल, हाकेच्या अंतरावर होता माणूस. तुमच्या तेराव्याला मी दाराकडे बघत होते की हा माणूस कुठूनतरी येईल. कसा येणार होता?

आता गाळा बघाल तर खूश व्हाल. किंवा नाही होणार. भिंतभर हत्यारं आहेत, सगळी माझी, एकही मागून आणलेलं नाही. हाताखालचा मुलगा वसईला स्वतःचं काम काढून गेला, चांगलं झालं त्याचं. काकांच्या गाळ्यात आता ऑनलाइनची पार्सलं बांधतात. दिवसभर चिकटपट्टीचा चर्रर्र आवाज, आणि मुलं मला आंटी म्हणतात, तेही वाट द्या म्हणायला. चहाची किटलीसुद्धा मी इलेक्ट्रिकची आणली, तेव्हापासून चहावालाही माझ्या दारात थांबत नाही. आई गेल्यापासून घरीही तेच. काही दिवस तर असे जातात की संध्याकाळी फोन आला की घसा खाकरावा लागतो, कारण दिवसभर आवाजच काढलेला नसतो. एकटी आहे मी, बाबा. हे लिहायला इतकी वर्षं लागली. कोणी येत नाही, आणि कोणी यावं असं एकही कारण मी शिल्लक ठेवलेलं नाही.

आणि एवढं सगळं ठाऊक असून त्या बाईला मी काय सांगितलं? घे, घेऊन टाक! "घेऊ नकोस, माझ्याकडे आहे, लागेल तेव्हा हाक मार," एवढं म्हटलं असतं तर काय वाट लागणार होती माझी? शुक्रवारी ती पॅसेजमधूनच ओरडली, "ताई, आला हो सेट! मस्त आहे!" मी म्हटलं, "छान, छान." आता तिच्याकडेही आहे आणि माझ्याकडेही आहे. शनिवार, रविवार मी ह्यावरच विचार केला आणि आज दुपारी डबा खाल्ल्यावर उठले आणि गेले तिच्या दारात. पन्नाशी ओलांडलेली बाई मी, पण वाटेत वाक्य घोकत गेले, हसू नका. म्हटलं, "तुझा तो स्प्लाइनचा सेट जरा देतेस का गं? एक नट अडलाय." ती म्हणाली, "अय्या, तुमच्याकडे नाही?" मी म्हटलं, "नाही." धडधडीत खोटं.

तर बाबा, तिने काय केलं असेल? चालू मशीन बंद केलं, हात पुसले, पेटी काखेत मारली. "चला, मीच येते. अजून माझा हात बसला नाहीये त्यावर, तुम्ही दाखवा ना." आपली रीत तिला कोणी सांगितलेली नाही, ती आपणहून निघाली. मी चार पावलं तिच्याबरोबर चालले, अगदी लहान मुलीसारखी खूश, आणि मग माझ्या लक्षात आलं की गाळ्यात अडलेला नट कुठाय? मागण्यापर्यंतच मी सगळं ठरवलं होतं. पुढे कोणी येईल असं मनातही आलं नव्हतं. मी पॅसेजमध्येच थांबले आणि काहीतरी बरळले, गिऱ्हाईक मशीन परत घेऊन गेलं, विसरलेच बघ. तिने पेटी ह्या काखेतून त्या काखेत घेतली. "बरं, मग अडला की हाक मारा," म्हणाली आणि गेली परत.

गाळ्यात येऊन मी हे लिहायला बसले, जॉबकार्डाच्या पाठकोऱ्या कागदांवर. टाकायचं कुठे हे, तुमचा पत्ता काय? राहील इथेच ड्रॉवरमध्ये. पण लिहायला बसण्याआधी मी एक काम केलं, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. तुमच्या गाळ्यात नट खराब करणाऱ्याची तुम्ही काय गत करायचात ते मला पक्कं आठवतंय. मी भंगारात काढलेला एक गिअरबॉक्स टेबलावर घेतला, त्याच्या चांगल्या घट्ट बसलेल्या नटाला कानस लावली आणि सहाच्या सहा कडा घासून काढल्या. उद्या दहाला ती आली की हाक मारणार आहे. पार गोल नाही केला, बाबा. तिच्या गोटीने सुटेल इतकाच.