वज्रकेतूच्या बहिणीचा नवरा

२५ जून, रविवार

गोदा मेली. भरदुपारी, आमच्याच हॉलमध्ये, भज्यांच्या ताटाशेजारी.

दोन वर्षं खेळले तिला. एक डोळा अधू, हातात घण, तोंड माझ्यासारखं. मुकुलने हा फासे टाकून सोंगं वठवायचा खेळ घरात आणला तेव्हा बाकीचे राजपुत्र नि जादूगार झाले, मी लोहारीण झाले. रविवारची ती दुपार मी कोणाची सून नसायची. टेबलावर फक्त गोदा.

राक्षसाला भट्टीत ओढायचा बेत माझाच. समोरच्या घरातली साहू दीदी धनुष्य घेऊन बाहेर दबा धरून, गोदा आत भात्यापाशी. ज.बा.ना कंटाळा आला. त्यांच्या वज्रकेतूने आभाळातून आग पाडली. राक्षस, भट्टी, अर्धं गाव, सगळं राख. मुकुलने दोनदा बजावलं, जीजाजी, अंदर गोदा है. फासा टाकता टाकता म्हणाले, "एक लोहारीनच ना? दुसरी बना लो."

वज्रकेतूकडे मेलेल्याला उठवणारा मणी आहे. एकदाच चालतो. मी मागितला. ऐसी-वैसी के लिए वेस्ट नहीं करेंगे, म्हणे.

मुकुल हसला. हे लक्षात ठेवणार आहे.

ज.बा. म्हणजे जवाईबापू, नणंदेचे यजमान. पूर्ण लिहून शाई कोण घालवेल.

२६ जून, सोमवार

ऑफिसात लक्ष नाही. संध्याकाळी मुकुलला गाठलं. दीर म्हणून नाही, डीएम म्हणून, म्हणजे खेळ चालवणारा. त्या जगात पाऊस त्याच्या मर्जीने पडतो, शेवटचा शब्द त्याचा. मग हा वज्रकेतू असा कसा झाला?

मला माहीत आहे कसा झाला. ज.बा.ची बदली नव्या रायपूरला झाली, तेव्हापासून दर रविवारी दोघं जेवायला येतात. पहिल्याच रविवारी त्यांना उडता घोडा हवा झाला. मुकुल म्हणाला, एवढ्यात मिळत नाही. आई स्वयंपाकघरातून ताट घेऊन येत होत्या. "देऊन टाक ना रे, काय मागून राहिले ते. जवायाले नाही म्हणत नसतात."

दिला. मग आग न लागणारं कवच. मग अदृश्य व्हायची अंगठी, खोटं ओळखणारा डोळा, तीन तलवारी (हात दोनच). विष चढत नाही, झोप लागत नाही. आम्ही दोन वर्षं रक्त आटवून बांधलेल्या जगात हा आयत्या बिळावर नागोबा.

मुकुल म्हणे, "वहिनी, मी काय करू? आई पाहून राहते."

नणंद, मीनलताई, दर रविवारी दाराजवळच्या खुर्चीवर बसून असतात. काल मी पोळ्या लाटत होते तर आत आल्या. म्हणाल्या, नागपूरची शाळा सोडली तेव्हा मलेबी हे असंच म्हणाले होते, एक नोकरीच ना, दुसरी मिळेल. मी रागात होते, नीट ऐकलं नाही. आज आठवलं.

९ जुलै, रविवार

शेरास सव्वाशेर आणायचा ठरवला होता. नियमांचं जाड पुस्तक दोन आठवडे उशाशी. नवी चेटकीण तयार केली, एका मंत्रात किल्ला खाली येईल अशी. कुठेही खोट नाही, सगळं नियमाने. वज्रकेतूला गाठून सरळ आव्हान दिलं.

चहा गार व्हायच्या आत मेले. माझा मंत्र त्यांच्यावर चालेना. कधीपासून? "अभी से," ज.बा. म्हणाले नि मुकुलकडे पाहिलं. मुकुलने आईंकडे पाहिलं. आई लोणचं वाढत होत्या.

त्यांच्यापेक्षा मोठं होता येतच नाही. मी कितीही मोठी झाले तरी ते मागतील नि त्यांना मिळेल.

१५ जुलै, शनिवार

मंगळवारी अधिक महिना लागतो. आईंबरोबर गोल बाजारात. जावयाला वाण द्यायला तांब्याचं ताम्हण, निरांजन. हे हलकं आहे, ते पातळ आहे, चार दुकानं फिरवलं. अनारसे मी करायचे. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, वाळवायचे, कुटायचे, गुळात मळायचे. ज्याने गोदेला जाळलं त्याच्या तोंडात घालायला.

पोतंभर शिव्या मनात. तोंडावर हो आई.

१९ जुलै, बुधवार

मिळालं.

ज.बा. संध्याकाळी आले होते, सोफ्यावर पाय पसरून, चहात वेलची नाही म्हणून नाक मुरडत. फोन वाजला. नाव पाहिलं आणि ताडकन उभे राहिले. खरंच उभे. पाय चपलेत. "जी जीजाजी. जी. नहीं नहीं, गाड़ी मैं भेज दूंगा. आपकी मर्जी, जी."

भिलाईहून त्यांच्या बहिणीचे यजमान. अधिकात वाणाला कधी येणार ते सांगत होते, आणि येताना काय हवं तेही.

जावई फक्त सासरी देव असतो. स्वतःच्या बहिणीच्या नवऱ्यापुढे तोच माणूस फोनवरसुद्धा हात जोडतो. मी कपबशा उचलत होते, माझ्या हातून बशी निसटली. आई म्हणाल्या, काहून हसून राहिली?

२३ जुलै, रविवार

आज चेटकीण नाही, कोणीच नाही. नुसती बसले. गोड आवाजात विचारलं, वज्रकेतूला घरचं कोणी आहे का हो?

माणूस फुलला. महाल आहे. माताजी आहेत, त्यांचा शब्द वज्रकेतू कधी मोडत नाही. एक बहीण, राजकुमारी. लग्न झालेली? "हां, बड़े घर में दी है." सगळ्यांसमोर. मुकुलने लिहून घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्याला अर्धं कळलं असावं.

पहिला घाणा हसला. तुपात सोडताच अनारसे विरून जाळी जाळी झाले. ते मी नि मीनलताईंनी उभ्या उभ्या खाल्ले.

३० जुलै, रविवार

दामोदर आला.

अंगात काडीची ताकद नाही. घोड्यावर चढता येत नाही, तलवार पाहून घेरी येते. मांजराने पंजा मारला तर मरेल. वज्रकेतूच्या बहिणीचा नवरा, एवढीच विद्या. अधिक महिना म्हणून सासुरवाडीला आलाय.

ज.बा. मनापासून हसले. मग मी दामोदरला सोफ्यावर पाय पसरायला लावले. सरबतात वेलची नाही का, असं विचारायला लावलं. आवाज काढला तो कोणाचा हे सांगायला नको. साहू दीदीला ठसका लागला.

मग दामोदरला उडता घोडा आवडला.

"नहीं दूंगा," ज.बा. म्हणाले.

मुकुलने फासा उचलला, परत ठेवला. म्हणाला, गेममध्येही अधिक महिना चालू आहे, माताजी पाहून राहिल्या आहेत. आई पलीकडे बरबटीच्या शेंगा मोडत होत्या. त्यांना खेळातलं ओ की ठो कळत नाही. पण मान वर केली.

"नाही कसं म्हणता जवाईबापू? तुमच्या घरचा जवाई हाय तो."

घोडा मिळाला. दामोदरने त्यावर गाद्या वाळत घातल्या.

६ ऑगस्ट, रविवार

आज कवच, अंगठी, तिन्ही तलवारी. डोळा मागितला नाही, खोटं ओळखून करायचं काय, दामोदरला खरं तेवढंच बोलायची सवय आहे.

ज.बा. खूप चिडले. नियम दाखव म्हणाले. मुकुल शांतपणे म्हणाला, जीजाजी, घोड्याच्या वेळी जो होता तोच. जून महिन्यातलं त्याचं हसणं मी आज माफ केलं. साहू दीदी जाताना दारात म्हणाली, "हव दीदी, अब आया ऊंट पहाड़ के नीचे."

किती बरं वाटलं ते लिहायला लाज वाटत नाही. भांडी घासताना गाणं म्हटलं. अभय म्हणाला, एवढं काय मिळालं? नवऱ्याला काय सांगणार. त्याचेही जीजाजीच ते.

डोळा सोडला तर वज्रकेतूकडे आता मणीच उरलाय. पुढच्या रविवारी दामोदर तो मागेल, राखेवर ठेवेल, आणि माझी गोदा उठेल. उठल्यावर पहिला घण कोणाच्या टाळक्यात, ते तिचं ती ठरवेल.

१३ ऑगस्ट, रविवार

अधिकातला शेवटचा रविवार. दोघांना वाण दिलं. ताम्हण, निरांजन, तेहतीस अनारसे. मीनलताईंची ओटी भरली, ज.बा.ना टिळा. त्यांनी अनारसे छान झाले म्हटलं. मी थँक्यू म्हटलं.

मग टेबल.

दामोदरने मणी मागितला. ज.बा. या वेळी तयारीने आले होते. हसून म्हणाले, वाण जावयाच्या हाती देत नाहीत, लेकीच्या ओटीत घालतात. पूछो मां से. आई म्हणाल्या, बरोबर आहे. आत्ताच तर घातलं.

म्हणजे मणी बहिणीच्या हाती. तिने दिला तर दामोदरला. आणि बहीण तर कोणी खेळतच नाही. ती मुकुलच्या तोंडून बोलणार, आणि मुकुलला आठवडाभर फोन करायला ज.बा. मोकळे. काट्याने काटा काढायला गेले, आपल्याच बोटात मोडला. माझ्या डोळ्यात पाणी आलं, संतापाने.

"मी खेळते."

दाराजवळच्या खुर्चीवरून मीनलताई. ओटीचे खण-नारळ अजून मांडीवर.

ज.बा. म्हणाले, "तुम्हें क्या समझता है इसमें?"

मीनलताईंनी नारळ आईंकडे दिला, खुर्ची ओढत टेबलापाशी आणली. साहू दीदीने सरकून जागा केली. मुकुलने मण्याच्या जागी ठेवलेला लाल कंचा, काचेची गोटी, त्यांच्यापुढे सरकवला. ज.बा. हात पुढे करून होते, तो तसाच राहिला. मुकुल म्हणाला, आज इथेच थांबू.

१४ ऑगस्ट, सोमवार

दिवसभर एकच. मीनलताई मणी मला देतील ना? कालपर्यंत त्या माझ्या हिशेबातच नव्हत्या. नवरा आहे तो त्यांचा, घरी गेल्यावर काय बोलला असेल. दिला नाही तर गोदा कायमची राख. बहीण कशाला काढली मी? दामोदरला यायला वाट हवी होती म्हणून. नावसुद्धा ठेवलं नाही तिचं.

१६ ऑगस्ट, बुधवार

अधिक संपला. मीनलताई एकट्याच आल्या, रिक्षाने, अनारशांचा डबा परत द्यायला. डबा धुऊन पुसून आणला होता, त्याला निमित्त म्हणतात.

चहा टाकला. त्यांनी विचारलं, "वहिनी, त्या बहिणीचं नाव काय?"

नाही ठेवलं म्हटलं. मान हलवली, जणू ठाऊकच होतं. मग विचारलं, मण्याने काय काय होते?

मी सांगितलं, मेलेल्याला उठवतो. गोदेचं नाव जिभेवर होतं. मागायचं होतं, पाया पडायचीही तयारी होती. पण त्या माझ्याकडे अशा पाहत होत्या की खोटं निघेना. म्हटलं, पुस्तकात तसं नाही. मागेल ते देतो. एकदाच.

"काहीही?"

काहीही, मी म्हटलं.

त्यांचा फोन वाजला, ओट्यावरच. स्क्रीनवर ज.बा.चं नाव. त्यांनी वाजू दिला. परत वाजला. त्या चहा पीत राहिल्या, शेवटच्या घोटापर्यंत.

जाताना नियमांचं पुस्तक मागितलं. डब्याच्या रिकाम्या पिशवीत बसेना, तिरपं करून घातलं. फाटकापाशी मी धीर करून म्हटलं, ताई, गोदा अजून तिथंच आहे, भट्टीत.

"माहीत आहे," म्हणाल्या. "त्या बहिणीचं नाव मी ठेवते. रविवारी सांगीन."

मला गोदा पाहिजे. अजूनही पाहिजे, त्यात बदल नाही. पण संध्याकाळपासून दुसराच प्रश्न डोक्यात आहे, मीनलताई काय मागतील. दामोदरलाही ठाऊक नाही. उद्यासाठी वाटाणे भिजत घातले.