हौदात ओतलेलं ताट

विसरभोळ्या दत्तूस,

आक्काचा आशीर्वाद.

जिवंत होतास तेव्हा होटगीहून दर रविवारी यायचास आणि दर रविवारी काहीतरी विसरून यायचास. शेंगा आण म्हटलं की पिशवीत खडी. गुडघ्याचं तेल आण म्हटलं की नळाची जुनी तोटी. जातानासुद्धा तेच केलंस. हौदाचं सगळं सांगितलंस आणि नेमकी एक गोष्ट विसरलास. ती कोणती, ते पुढे येईल. आधी विमलला शाई भरू दे.

हे पत्र तुझी भाचेसून विमलच लिहिते आहे. तुझी आक्का अंगठा उठवणारी, विमल सातवी पास. मी 'न्हाय' म्हणते, ती 'नाही' लिहिते. माझं बोलणं धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवते. तुझ्या नावाआधी 'कै.' लिहायला निघाली होती. मी म्हटलं, "ते खोड. पत्र कुणाला लिवायलीस, फोटोला का माणसाला?" तिने नवा कागद घेतला.

आजच का लिहायचं, तर मंगळवारी हौदात पिलं दिसली. तुला ही बातमी दुसऱ्या कुणाकडून कळू नये. आणि बातमी सांगायची तर त्याआधीचं एक खोटं निस्तरावं लागेल. ते मी वर्षभर तुझ्या फोटोसमोर रेटून बोलले आहे.

तुझा हौद मला आधी आवडला नव्हता, हे तुला माहीत आहे. लग्न केलं नाहीस, घर बांधलं नाहीस. सगळी नोकरी होटगीच्या पंपावर रेल्वेच्या इंजिनांना पाणी पाजण्यात घालवलीस, आणि रिटायर झाल्यावर एक ट्रंक घेऊन माझ्या दारात आलास. मला वाटलं, भाऊ आला, आता दोघं म्हातारी ओट्यावर बसून बोलत जाऊ. तू तिसऱ्या दिवशी परसात खड्डा घ्यायला लागलास.

"काय करायलास रं?"

"हौद, आक्का. मासे सोडायचे."

"आन् वर ती डोण कशाला?"

"तिच्यात भाजी."

बैलांना पाणी पाजायची दगडी डोण तू विटांच्या थरावर चढवलीस, बुडाला भोक पाडलंस, भोकात बांबूची नळी बसवलीस. डोणीत माती नाही, नुसती धुतलेली खडी. मी शेजारच्या नरसम्माला म्हटलं, माझ्या भावाला ऊन लागलंय. ती आपल्या हातमागावरून उठून बघायला आली आणि तुझ्यासाठी ताक घेऊन आली. तू ताक प्यायलास आणि आम्हा दोघींना उभं करून समजावलंस. होटगीला इंजिनात पाणी सोडायच्या नळाखाली सारखं पाणी सांडायचं, तिथे रुळाच्या खडीत आपोआप टमाटे यायचे. माती नाही, खत नाही, तरी फांदी वाकेल इतके. तू वर्षानुवर्षं त्या झाडांकडे बघत राहिलास. मग तुझ्या ध्यानात आलं की नळाला पाणी येतं त्या टाकीत मासे आहेत.

"मासा पाण्यात घाण करतो, आक्का. ती खडीत अडकती. तितं मुरली की भाजी ती खाती. पाणी निवळून परत माशाकडं."

"म्हंजे आमी माशाची घाण खायची?"

"शेणखताची मेथी खातीस तवा गाईला इचारून खातीस का?"

नरसम्मा पदरात तोंड लपवून हसली. ह्याचं उत्तर सुचलं की कळवते.

नव्या सिमेंटच्या पाण्यात मासे जगत नाहीत म्हणून तू केळीचे खुंट टाकून हौद पंधरा दिवस तसाच ठेवलास. मासे यायच्या आधीच त्यांचं केळवण, असं मी म्हटलं होतं. मग हिप्परग्याच्या तलावावरून दुधाच्या किटलीत चौदा चिलाप्या आणल्यास, बोटाएवढ्या. त्यांतली एक शेपटीला तुटकी. ती सारखी बाकीच्यांच्या मागे फिरून कोण काय खातं ते बघायची. तू तिचं नाव टीसी ठेवलंस, हाक मारताना 'टीसीसाहेब'. बबनने, माझ्या लेकाने, एकदा विचारलं की मामा, हे तळायचे कधी? तू म्हणालास, "गाडीत बसलेल्या पाशिंजराला कुनी खातं का?"

पाणी फिरवायचं कामही तू गाडीवरच बांधलंस. सकाळच्या पॅसेंजरने शिट्टी दिली की वीस डबे हौदातून काढून डोणीत. दुपारच्या मालगाडीला वीस. दिवेलागणीच्या मेलला वीस. गाडी लेट असली तर भाजीपण लेट. मला घड्याळ वाचता येत नाही, पण शिट्टी ऐकू येते. तू हे माझ्यासाठी केलंस, की सवय सुटेना म्हणून? विचारायचं राहिलं.

मग दुष्काळ पडला. नळ दिवसाआड, तोही करंगळीएवढा. लोक रेशनच्या परदेशी ज्वारीची, मिलोची, लाल भाकरी खात होते. रस्त्याच्या दुष्काळी कामावर खायला सुकडी मिळत होती. आणि माझ्या परसात मासे पोहत होते. मी तुला त्या वेळी फार बोलले, दत्तू. माणसांना प्यायला नाही आणि तू माशांना सांभाळतोस, लाज नाही का वाटत? विमल तर म्हणाली होती, हौद उपसा आणि धुण्याला घ्या. (हे ती लिहीत नव्हती. मी म्हटलं, लिही, मामांना माहीतच आहे.)

तू रागावला नाहीस. म्हणालास, "आक्का, हे पाणी खर्चाचं न्हाय. फिरतीचं हाय. उन्हानं उडतंय आन् भाजी पिती, तेवडंच वर घालायचं." ते वरचं पाणीसुद्धा तू आपल्या आंघोळीतून काढलंस. तांब्याभर पाण्यात अंग पुसायचास आणि उरलेलं हौदात, साबण न लावता. तू जवळ बसलास की मी पदर नाकाला लावायचे. आता तो वास कुठे शोधू?

त्या वर्षी मंडईत हिरवं पान नव्हतं, आणि आपल्या डोणीत पालक होता. चार बोटांचा, पण पालक. नरसम्माची लेक बाळंत झाली तेव्हा तू रोज सकाळी एक जुडी तिच्या उंबऱ्यावर ठेवून यायचास. हाक मारायची नाही, ठेवून यायचं. मी बघायचे आणि न बघितल्यासारखं करायचे.

माशांना खायला घालायची तुझी रीत कडक. शेंगेच्या पेंडीची एक चिमूट टाकायची आणि दहा मोजायचे. दहापर्यंत संपलं नाही तर तेवढं जास्त झालं. विमलने एकदा शिळी भाकरी कुस्करून टाकली, तर तू गुडघ्याएवढ्या पाण्यात उतरून कण अन् कण वेचलास आणि माशांना तीन दिवस लंघन दिलंस.

आणि मग ते वाक्य. उन्हाळा लागला होता, तुझी छाती भरायला लागली होती, खाट हौदाशेजारी हलवली होती. भिंतीवर कावळा बसला होता. तू त्याच्याकडे बघून म्हणालास, "आक्का, मी गेल्यावर ह्याची मनधरणी करू नगंस. माझा घास माशांना टाक." मी म्हटलं, गप बस. चौथ्या दिवशी सकाळची पॅसेंजर गेली आणि तू डब्याला हात लावला नाहीस.

तेराव्याला मी तुझं ताट वाढलं. वरण, भात, शिरा, भजी. तूप तर बबनने कुठून आणलं देव जाणे, त्या दिवसांत तूप म्हणजे औषध. भातावर सढळ हाताने घातलं, कारण तुला तूप आवडायचं आणि मी कधी मनासारखं वाढलं नव्हतं. कावळा आला, बसला, खाली येईना. मला तुझं वाक्य आठवलं. मी ताट उचललं आणि अख्खं हौदात ओतलं.

काय तुटून पडले ते! पाणी नुसतं उसळत होतं. टीसी सगळ्यांत पुढे. मी काठावर बसून रडत होते आणि हसत होते. वाटलं, दत्तू जेवला. पोटभर जेवला. दहा मोजायचं माझ्या मनातही आलं नाही.

आता सांग, ही गोष्ट सांगायची तू विसरलास की नाही? मेलेल्या माणसाचा घासही चिमूटभरच टाकायचा, एवढं एक वाक्य बोलला असतास तर?

दुसऱ्या दिवशी पाण्यावर तुपाची साय धरली होती. भात फुगून तळाला बसला होता, आंबूस वास सुटला होता. मासे सगळे वर, तोंडं पाण्याबाहेर, आ वासून. दोन उलटे झाले होते.

मला एवढंच कळलं की तू जाऊन चौदा दिवस झाले आणि तू मागे ठेवलेलं एकुलतं एक काम मी प्रेमाने बुडवलं. पदर पसरून तूप ओढून घेतलं. बबन उतरला, त्याने तळाचा भात घमेल्याने काढला. मग डबे. शिट्टीची वाट बघत बसले नाही. एक डबा काढायचा, उंचावरून डोणीत ओतायचा, पुन्हा काढायचा. तू म्हणायचास, पडणारं पाणी जिवंत असतं. हात भरून आले तेव्हा विमलने डबा माझ्या हातातून ओढून घेतला. तोच डबा ती विटाळ झाल्यासारखा लांब धरायची, दत्तू.

पण पाणीच नासलेलं, ते कितीही फिरवलं तरी काय होणार? बबनने निम्मं उपसून बाहेर काढलं. आता वर घालायला पाणी कुठलं? नळ उद्या येणार होता. घरात प्यायचे दोन हंडे. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. सासूने असं कसं मागायचं? विमल आत गेली आणि एक हंडा कमरेवर घेऊन आली. ओतला. मी म्हटलं, "पोरं काय पितील गं?" ती म्हणाली, "पोरं मागून पितील की. हे कुणाला मागतील?"

एका हंड्याने काय होतंय? इतक्यात भिंतीपलीकडून नरसम्मा आली, डोक्यावर एक, काखेत एक. "अय्यो अक्का, धरा. इचारत बसू नका." मी म्हटलं, बाई, तुझ्या घरचं प्यायचं पाणी हे. ती म्हणाली, "माझ्या लेकीला पालक कुणी दिला? तवा मी पाणी इचारलं का, कुटलं हाय?"

चौदांतले तीन वाचले. टीसी त्यांत होती. अकरा मी लिंबाच्या आळ्यात पुरले. गल्लीला सांगितलं, उन्हाने गेले. तुझ्या फोटोलाही तेच सांगितलं. विमल आणि नरसम्मा दोघी गप्प राहिल्या, एका शब्दाने बोलल्या नाहीत, म्हणून खोटं इतकं टिकलं.

गेल्या महिन्यात तुझं वर्षश्राद्ध झालं. बबन ताट घेऊन हौदाकडे निघाला आणि मी आडवी आले. तो म्हणाला, "आई, मामांनीच सांगितलं होतं न्हवं?" मी चिमूटभर भात घेतला, तूप न लावलेला, टाकला आणि मोठ्याने दहा मोजले. सातव्याला संपला. बाकीचं ताट कावळ्याला. त्याने लगेच चोच लावली. मागच्या वेळीही तो आलाच असता बहुतेक, मलाच धीर नव्हता.

त्यानंतर आठ दिवसांनी टीसीने खाणं सोडलं. पेंड टाकली तरी तोंड फिरवायची. गालफडं फुगलेली. मी काठावर बसून तिला म्हटलं, आता तर मी मोजून टाकलं बाई, आता काय चुकलं माझं? विमल म्हणाली, आत्याबाई, तुम्हीच दोन घास खा आधी.

मंगळवारी सकाळी पाणी ओतायला गेले, तर टीसीने तोंड उघडलं आणि तोंडातून पोरं बाहेर आली. तिळाएवढी, ढगच्या ढग. माझी सावली पडली तशी सगळी परत तिच्या तोंडात. दत्तू, तुझी टीसी बाई निघाली. पोटच्या पोरांना तोंडात धरून इतके दिवस उपाशी होती, आणि तू तिला गडी समजत होतास. चाळीस वर्षं पाण्यापाशी काढलीस आणि एवढं ओळखता आलं नाही?

नरसम्माला भिंतीवरून हाक मारली. ती मागावरून धावत आली. आम्ही तिघी काठावर बसलो, आणि मी पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं, अकरा माझ्यामुळे गेले. बबनने ऐकलं. तो म्हणाला, "आई, मला त्याच दिवशी कळलं होतं. भात मीच काढला की." बघ, एवढी हुशार मी.

तर आता शब्द देते. हात चालतात तोवर तिन्ही शिट्ट्यांना पाणी फिरेल. माझे हात थकले की विमल. ती आता माझ्या आधी शिट्टी ऐकते, हे तिने खाली मान घालून लिहिलं आहे. पिलं मोठी झाली की पहिली चार नरसम्माच्या परसात. तिने खड्डा खणायला घेतला आहे. तिचा नवरा म्हणतो, हिला ऊन लागलंय. मी ताक पाठवलं.

तुझी,
आक्का

अंगठा उठवून झाला, पण विमल, हेही लिही. परवा स्वप्नात आलास आणि नेहमीसारखं सांगितलेलं विसरून, ह्या वेळी तर रिकाम्या हातानेच आलास. तिकडून काही पाठवायची आठवण झालीच, तर शेंगा पाठव, भाजलेल्या, कोरड्या. तुपातलं काही पाठवू नको.